पोच किती गाठींमागे द्यावी?

उल्हासनगरच्या कॅम्प ५ कडील एखाद्या गल्लीत, जिथे दोहो अंगांना जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांचे गाळे दाटीवाटीने उभे आहेत आणि शिलाईयंत्रांची घरघर दिवसभर थांबत नाही, तिथे सकाळच्या प्रहरी थोडा वेळ उभे राहिले असता एक लहानसा खोळंबा हमखास पाहावयास मिळतो. तयार मालाच्या गाठी लादलेला टेम्पो गल्लीबाहेर पडत असतो, आणि नेमका त्याच वेळी समोरून ट्रान्सपोर्टच्या कचेरीतला पोरगा दुचाकीवरून आत शिरतो. त्याच्या खिशात चार-दोन कागदांपलीकडे काही नसते, पण गल्ली एकाच वाहनापुरती रुंद असल्यामुळे टेम्पोला थांबावे लागते, हमालाला खाली उतरून हातगाडी भिंतीशी सारावी लागते, आणि पोरगा पार झाल्यावर मगच माल पुढे सरकतो. टेम्पोतला माल शेकडो किलोंचा, पोराच्या खिशातला कागद तोळाभराचा. तरी गल्लीचा वेळ दोघांनी जवळजवळ सारखाच खाल्ला. त्या कागदांत बहुधा पोचपावत्या असतात : अमुक गाठी अमुक गावी अमुक तारखेस पोचल्या.

माल घेणाऱ्याने अशी पोच किती वेळा धाडावी, हा प्रश्न त्या गल्लीतल्या शेठजींना शास्त्रीय वाटण्याचे काही कारण नाही. परंतु संगणकांच्या जाळ्यावरून मजकुराची ने-आण करणारे नियम ज्यांनी घडविले, ती विद्वान मंडळी गेली चाळीसहून अधिक वर्षे ह्याच प्रश्नाशी झुंजत आली आहेत. मला विचाराल तर, एवढी वर्षे हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जात होता. पण ते ओघाने येईल.

जाळ्यावरून जाणारा कोणताही मोठा ऐवज, मग ते छायाचित्र असो की चित्रपट, अखंड जात नाही. त्याचे सुमारे १५०० बाइटांपर्यंतचे तुकडे पाडून, प्रत्येकावर पत्ता घालून ते सुटे सुटे रवाना केले जातात, आणि ह्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. वाटेत एखादे पॅकेट गहाळ होते, एखादे मागाहून निघून आधी पोचते. जाळे स्वतः कसलीच हमी घेत नाही. हमी घ्यायची ती दोन टोकांच्या यंत्रांनी आपसांत, आणि त्यासाठी त्यांच्यात जो करार ठरला आहे त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे टीसीपी, ज्याचे प्रमाणभूत वर्णन १९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले आणि ज्याचा अंमल अमेरिकेतील अर्पानेटवर १ जानेवारी १९८३ पासून सुरू झाला. ह्या करारान्वये पाठविलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, आणि घेणारा उलट टपाली कळवितो की, अमुक क्रमांकापर्यंतचे सर्व पावले, आता पुढचे येऊ द्या. ही पोच संचयी असते, म्हणजे दहाव्या गाठीची पोच मिळाली की पहिल्या नऊ गाठींच्या पोचा वाटेत हरवल्या तरी हिशेब बिघडत नाही. आणि केवळ पोचेची पोच कोणी देत नाही, कारण तशी चाल पडली असती तर जगातील यंत्रे आजही परस्परांना नमस्कारच करीत बसली असती.

सर्वांत सोपी व्यवस्था अर्थातच एकास एक, आणि तिचा नमुना आपल्या रेल्वेतच सापडतो. कल्याणपासून अंबरनाथ-बदलापूरवरून पळसदरीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ साली खुला झाला. पुढे रेल्वेत जी ‘ब्लॉक’ पद्धत रूढ झाली तिचे तत्त्व हेच की, एक गाडी पुढच्या स्थानकात सुखरूप दाखल झाल्याची वर्दी मिळाल्यावाचून मागच्या स्थानकाने त्या टापूत दुसरी गाडी सोडायची नाही. दोन गाड्यांची टक्कर हा जिथे धोका आहे तिथे ही सावधगिरी योग्यच. परंतु जाळ्यावर पॅकेटांची टक्कर होऊन माणसे मरत नाहीत, आणि बदलापूरच्या घरातून अमेरिकेतल्या यंत्राकडे जाऊन परत येण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक काळ लागत असता दर पॅकेटामागे तेवढा काळ हात बांधून बसणे म्हणजे सेकंदाला चार-पाच पॅकेटांवर संतुष्ट राहणे होय. म्हणून टीसीपी प्रेषकाला उधारीची मर्यादा घालून देते. आमच्या शेठजींचेच उदाहरण घ्यावयाचे तर, समजा नांदेडच्या एका दुकानदाराशी त्यांचा असा वहिवाटीचा व्यवहार आहे की, आठ गाठी पोचेवाचून बाहेर राहू द्यायच्या, नववी मात्र पहिलीची पोच आल्यावरच सोडायची. ह्या आठ गाठींच्या मर्यादेला तंत्रज्ञ ‘विंडो’ म्हणतात.

आता येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पोच वरकरणी केवळ जमाखर्चाची बाब दिसते; पण उधारीची मर्यादा आली की तीच पोच नव्या रवानगीचा हुकूम होऊन बसते. नांदेडहून दर गाठीमागे एक पोच येत राहिली तर उल्हासनगरहूनही गाठी एकेक करून, रहाटाच्या मडक्यांसारख्या, ठरावीक अंतराने निघत राहतात. वाटेतला सर्वांत अरुंद घाट ज्या गतीने माल पलीकडे सोडतो त्याच गतीने पोचा परत येतात, आणि त्यामुळे त्या घाटाची रुंदी कोणीही न सांगता शेठजींना आपोआप कळते. उलट दुकानदाराने आळस केला, आणि आठही गाठी जमल्यावर एकच पोच धाडली, तर शेठजी एका दमात आठ गाठी टेम्पोवर चढवतात, ट्रान्सपोर्टच्या गोदामापुढे रांग लागते, आणि मग पुढचा सबंध फेरा तेच गोदाम रिकामे पडून राहते.

हे घड्याळाचे काम किती मोलाचे आहे ते १९८६ च्या ऑक्टोबरात कळून आले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ ह्यांच्यात अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे आपल्या विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ह्या स्थानकांमधील अंतराच्या पासंगालाही न पुरणारे. पण तेवढ्या टापूत मजकुराची गती सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आली, कारण उशीर होताच प्रत्येक यंत्र तोच माल पुन्हा पुन्हा रस्त्यावर लोटीत होते. व्हॅन जेकबसन ह्यांनी १९८८ साली मायकेल कॅरल्स ह्यांच्या साहाय्याने ह्यावर जी तजवीज सुचविली तिचा गाभा असा की, जुने पॅकेट जाळ्याबाहेर पडल्याची खूण पटल्यावाचून नवे आत घालू नये. आणि ती खूण म्हणजेच पोच. आज आपण जे जाळे वापरतो ते ह्या शिस्तीवर उभे आहे.

मग दर पॅकेटामागे पोच देणेच शहाणपणाचे, असे कोणी म्हणेल. त्याला पहिली हरकत घेतली ती डेव्हिड क्लार्क ह्यांनी, १९८२ च्या आपल्या आरएफसी ८१३ ह्या टिपणात (जाळ्याचे नियम ज्या क्रमांकित टिपणांतून मांडले जातात त्यांना आरएफसी म्हणतात). त्या काळी दूरच्या संगणकावर टंकलेखन करणाऱ्याने एक अक्षर दाबले की ते अक्षर पॅकेटात बसून जाई, पलीकडून त्याची पोच येई, आणि मागाहून तेच अक्षर पडद्यावर उमटविण्यासाठी उत्तरादाखल दुसरे पॅकेट येई. एका अक्षरासाठी ही केवढी यातायात! क्लार्क ह्यांचे म्हणणे एवढेच की, पोच क्षणभर थोपवून धरावी. तेवढ्यात उत्तर तयार झाले तर पोच त्यातच घालता येईल. हे मराठी माणसाला नवीन नाही. ‘आपले पत्र पावले, मजकूर समजला’ ह्या वाक्याने उत्तराचा आरंभ करण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत म्हणजे हीच युक्ती, कारण निव्वळ पोच देण्यासाठी वेगळा जासूद कोण धाडणार?

थोपवायची तर किती वेळ? १९८९ च्या ऑक्टोबरातील आरएफसी ११२२ ने हुकूम काढला की, पोच अर्ध्या सेकंदाहून कमी काळच अडवता येईल, आणि पूर्ण आकाराची पॅकेटे लागोपाठ येत असतील तर निदान दर दोन पॅकेटांमागे एक पोच द्यावी. हा दोनाचा आकडा कोण्या गणिती सिद्धान्तातून निघालेला नाही. ती एक व्यवहारी तडजोड आहे : पोचांची संख्या निम्मी झाली, आणि घड्याळ फारसे बिघडले नाही.

आणि प्रत्येक तडजोडीप्रमाणे तिलाही काळवेळेचे बंधन होते. भारतात शिक्षण व संशोधन संस्थांचे जे एर्नेट जाळे उभे राहिले, त्यात १९९२ च्या सुमारास आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, आणि मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही सेकंदाला ९६०० बिट वाहणाऱ्या भाड्याच्या तारांनी जोडलेली होती. १५०० बाइटांचे एक पॅकेट, म्हणजे १२,००० बिट, त्या तारेवरून उतरण्यास सव्वा सेकंद घेई; तेव्हा दुसऱ्या पॅकेटाची वाट पाहता पाहता पहिल्याच्या पोचेची मुदत केव्हाच टळून गेलेली असे, आणि ‘दोनामागे एक’ हा नियम असून नसल्यासारखा, सारा कारभार मुदतीच्या कलमावर चाले. आज घरात सेकंदाला १० कोटी बिटांची जोडणी असली तर त्याच एका सेकंदात ८ हजारांहून अधिक पॅकेटे येतात, आणि त्याच नियमाने ४ हजारांहून अधिक पोचा परत जातात. कलम एकच, पण जुहूच्या त्या तारेवर ते निरर्थक, आणि आपल्या दिवाणखान्यात ते जाचक.

एक आनुषंगिक फजिती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८४ साली फोर्ड एरोस्पेसमधील जॉन नेगल ह्यांनी प्रेषकासाठी एक काटकसरीचा नियम सुचविला : आधीच्या मालाची पोच आलेली नसता किरकोळ माल सुटा पाठवू नये, साठवून एकत्र पाठवावा. नियम सुज्ञपणाचा, थोपविलेली पोच हीही सुज्ञपणाचीच, परंतु दोन सुज्ञ एकत्र आले की काय होते ते पाहा. प्रेषक म्हणतो, पोच आल्याशिवाय उरलेला तुकडा पाठवीत नाही. घेणारा म्हणतो, दुसरा तुकडा आल्याशिवाय पोच देत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली ही गत. आणि ही कोंडी फुटते ती मुदत संपल्यावरच, जी मुदत पुष्कळ यंत्रांत सेकंदाचा पाचवा हिस्सा इतकी असे. एखाद्या कार्यालयातील संगणकप्रणाली कारणावाचून अडखळत चालते म्हणून नवे यंत्र विकत घेतले जाते, आणि नवे यंत्रही तितकेच अडखळते, तेव्हा पुष्कळदा हे जोडपे आत ठाण मांडून बसलेले असते.

पोचांचा खरा भार मात्र उलटी वाट अरुंद असते तिथे कळतो. नागपूरला जन्मलेले आणि पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले हरि बालकृष्णन, बर्कलीला विद्यार्थी असताना, वेंकट पद्मनाभन आणि रँडी कॅट्झ ह्यांच्यासह १९९७ साली ह्याच विषमतेचा अभ्यास करून गेले, आणि २००२ च्या आरएफसी ३४४९ मध्ये त्या विचाराला सर्वमान्य रूप आले. त्यातले गणित पोरालाही समजेल. येण्याची वाट सेकंदाला १ कोटी बिटांची आणि जाण्याची ५० हजारांची असेल तर रुंदीचे प्रमाण २०० पट. माल १००० बाइटांचा आणि पोच ४० बाइटांची असेल तर आकाराचे प्रमाण २५ पट. २०० ला २५ ने भागले की ८. दर आठ पॅकेटांमागे एकीहून अधिक पोचा धाडल्या की जाण्याची वाट पोचांनीच तुंबते, आणि येण्याची वाट अर्धी रिकामी राहूनही माल येत नाही. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड घेण्याच्या काळात घरातल्या कोणी एखादे छायाचित्र वर चढवायला घेतले की इतरांचे सगळेच कासवाच्या गतीने चालू लागे, ते ह्याचमुळे : पोचा त्या छायाचित्रामागे रांगेत उभ्या असत.

ह्यावर मधल्या यंत्रांनी एक धिटाई केली. पोच संचयीच आहे, तेव्हा रांगेत एकाच व्यवहाराच्या दहा पोचा दिसल्या तर शेवटची ठेवून उरलेल्या नऊ फेकून द्यायच्या! टपाल्याने पत्रे वाचून, जुनी फाडून, ताजे तेवढे पोचवावे असा हा प्रकार. सोयीचा खरा, पण ज्याच्या नावाचे टपाल त्याच्या संमतीवाचून केलेला. मला तो कधी प्रशस्त वाटला नाही. तथापि त्यामागची गरज खोटी नव्हती.

बिनतारी जोडणीत तर वाट वेगळी अशी नसतेच. बदलापूरच्या एखाद्या नव्या इमारतीत, जिथे एका मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि प्रत्येकाच्या कपाटावर वाय-फायचा डबा, तिथे ती सर्व यंत्रे मिळून थोड्याच रेडिओ-मार्गांवर दाटी करतात, आणि प्रत्येक मार्गावर एका वेळी एकालाच बोलता येते. बोलण्यापूर्वी मार्ग मोकळा आहे का पाहायचे, दैवाधीन थोडे थांबायचे, प्रास्ताविकाचा संकेत द्यायचा, आणि मग मजकूर. हा सगळा उपचार १५०० बाइटांना जितका, ४० बाइटांच्या पोचेलाही तितकाच. कॅम्पातल्या गल्लीतील टेम्पो आणि दुचाकी ती हीच. त्यात वाय-फाय स्वतःच्या पातळीवर निराळी पोच देते, म्हणजे टीसीपीने कधी न मागितलेली पोचेची पोच येथे निमूटपणे दिली जाते. ह्या खालच्या थराने आपल्यापुरता शहाणपणा फार पूर्वी केला : २००९ च्या ८०२.११एन प्रमाणकाने अनेक पॅकेटांची मोळी बांधून, ६४ पर्यंतच्या नगांची एकाच कागदावर पोच देण्याची रीत रूढ केली. वरचा थर मात्र दोनाचा आकडा कवटाळून बसला. अंबरनाथ सोडून लोकल बदलापूरकडे निघते तेव्हा डब्यातील उभ्या गर्दीत एखाद्या प्रवाशाच्या हातातला फोन चित्रफीत दाखवीत असतो. त्यालाही दर पोचेसाठी मनोऱ्याकडे बोलण्याची परवानगी मागावी लागते आणि त्यात बॅटरी झिजते, हे त्या प्रवाशाच्या गावीही नसते.

दुसऱ्या बाजूने पोचा विरळ केल्या तर काय बिघडते? व्यवहाराच्या प्रारंभी प्रेषक आपली उधारी प्रत्येक पोचेमागे एका नगाने वाढवतो, त्यामुळे दर नगामागे पोच आली तर एका फेऱ्यात मर्यादा दुप्पट होते, आणि दोनामागे एक आली तर दीडपटच. ह्यावर मार्क ऑलमन ह्यांनी २००३ साली उपाय मांडला की, पोचा मोजू नयेत, त्यांनी कबूल केलेले बाइट मोजावेत. ह्या उपायाला एक गमतीची पार्श्वभूमी आहे : स्टीफन सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले होते की, लबाड घेणारा एकाच पॅकेटाची पोच तुकड्या-तुकड्यांत फोडून, पोचांचा पाऊस पाडून, भोळ्या प्रेषकाकडून आपल्या वाट्याहून कितीतरी जास्त माल उपटू शकतो. नांदेडच्या दुकानदाराने एका गाठीच्या वीस पावत्या फाडाव्यात आणि शेठजींनी वीस गाठी सोडाव्यात, असा तो मामला.

आता त्या चुकीच्या माणसाकडे येतो. पोच किती वेळा द्यावी हे आजवर घेणाऱ्याने ठरवायचे होते. परंतु पोचेची गरज कोणाला आहे? प्रेषकाला. रवानगीची गती तो ठरवतो, उधारीचा आकडा त्याच्या वहीत असतो, गहाळ मालाची भरपाई त्याला करायची असते; घेणाऱ्याला ह्यांतले काही दिसत नाही. वाटेत काय आहे, ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह की शेजारच्या खोलीतला डबा, हेही पोचांच्या हिशेबावरून पुष्कळसे प्रेषकालाच उमगते. अशा स्थितीत अजाण घेणाऱ्याने एखाद्या जुन्या परिपत्रकातला आकडा डोळे मिटून पाळावा, ह्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

टीसीपीचा नवा भाऊबंद क्विक, जो २०२१ च्या मे महिन्यात आरएफसी ९००० म्हणून प्रमाणित झाला, तोही मूळच्या स्वरूपात दोनामागे एक हीच शिफारस करतो, आणि पोच थोपविण्याची नेहमीची कमाल मुदत २५ सहस्रांश सेकंद ठरवतो. त्यात दोन गोष्टी मात्र नव्या आहेत. पोचेवर ती किती काळ अडवून ठेवली होती तेही लिहिलेले असते, जणू आवक आणि जावक असे दोन्ही शिक्के एकाच कागदावर. त्यामुळे विलंब रस्त्याचा किती आणि कारकुनाचा किती हे प्रेषकाला वेगळे काढता येते. दुसरे, सारा व्यवहार मोहोरबंद असल्यामुळे मधल्या टपाल्याला आता पोचा चाळता येत नाहीत. टपाल्याची धिटाई बंद झाली तेव्हा पोचा कमी करण्याचे काम दोन टोकांवरच आले, आणि क्विकच्या कार्यगटाने एक पुरवणी तयार केली, जिच्यान्वये प्रेषकच घेणाऱ्याला सांगू शकतो की, इतक्या पॅकेटांमागे पोच दे, फार तर इतका वेळ थोपव, क्रम इतका चुकला तर मात्र थांबू नकोस. आणि प्रसंगी, ह्याच घटकेला दे.

आमच्या कल्पित शेठजींचा मुनीम असता तर त्याने हेच बिल्टीच्या पाठीवर बॉलपेनाने खरडले असते : पहिल्या चार गाठींची पोच एकेक द्यावी, पुढे दहामागे एक, गाठ फुटलेली आली किंवा मधला नंबर चुकला तर कागदाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. मग दुचाकीवरचा पोरगा गल्लीत दिवसातून एकदा येईल, आणि तोही बहुधा दुपारी, टेम्पो निघून गेल्यावर.